डावा बूट गळतोय

मी डावा बूट बोलतोय. सीलच्या कातड्याचा, काळा, गुडघ्यापर्यंत येणारा. उजवा इथेच शेजारच्या खुंटीवर आहे, पण तो बोलायचा नाही. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. जे काय व्हायचं ते माझ्याच वाट्याला आलं.

माझा जन्म पाड्लो म्हातारीच्या मांडीवर झाला. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिच्या मुलाने, गिडियनने, मार्चमध्ये सील श्वास घ्यायला येतो त्या बर्फातल्या भोकापाशी तासन्‌तास बसून सील मारला. पाड्लोने अर्धगोल सुरीने चरबी खरवडली, केस काढले, वरचा काळा पापुद्रा मात्र जरासुद्धा दुखावू दिला नाही, कारण पाणी अडवतो तो तोच. मग मला चौकटीवर ताणून उन्हात ठेवलं. कुत्री लांब बांधली होती, नाहीतर एखाद्याने मला तेव्हाच खाऊन टाकलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

तळाचं कातडं दाढीवाल्या सीलचं, जाड. ते मऊ करायला ती दिवस दिवस चघळत बसायची. दात झिजून पार हिरड्यांना टेकले होते. "माझे दात ह्या घराच्या पायात गेले," असं ती म्हणायची. त्यात तक्रार नव्हती हो, तोरा होता.

तोरा असायला कारण होतं. तिचा नवरा सोर्काक चाळीस वर्षं शिकारीला गेला. गावात कुणाची दोन बोटं थंडीने गेलेली, कुणाची अर्धी टाच. सोर्काक छातीच्या दुखण्याने अंथरुणात गेला तेव्हा त्याच्या पायांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. आलेल्या प्रत्येक बाईला पाड्लोने पांघरूण वर करून ती दाखवली होती म्हणे.

तो गेला आणि चार महिन्यांनी लेकीला, नाडुकला, मुलगी झाली. नाव ठेवलं सोर्काक. आमच्याकडे गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की नुसतं नाव देत नाहीत, त्याची नातीसुद्धा देतात. त्यामुळे पाड्लो आपल्या नातीला पाळण्यात असल्यापासून "अहो" म्हणते. गिडियन भाचीला "बाबा" म्हणतो. खुद्द नाडुक पोटच्या पोरीला दटावायची ती सुद्धा "बाबा, आधी नाक पुसा!" अशी.

लहानपणी तिला ह्याचं काही वाटायचं नाही. मोठी झाली तशी लाज वाटायला लागली. दुकानात चार मैत्रिणींसमोर म्हातारी हाक मारणार, "अहो, कॉफी संपलीय, घ्या बरं!" आणि ही कानापर्यंत लाल. "आजी, पुरे ना गं," एवढंच म्हणायची. नवरा म्हणून तिने आजीला एकदाही ओ दिली नव्हती.

ही सोर्काक सव्विसाची झाली. पाच वर्षं शाळेत शिकवलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची नऊ कुत्री नि स्वतःची घसरगाडी घेऊन ती मामाबरोबर गोठलेल्या समुद्राच्या कडेला निघणार होती. बारा दिवस, नार्व्हलच्या, म्हणजे लांब सुळ्याच्या देवमाशाच्या शिकारीला. मे संपत आलेला. त्या दिवसांत सूर्य मावळत नाही आणि बर्फावर पाणी साचतं, कुठे घोट्याइतकं, कुठे गुडघ्याइतकं. रबरी बूट आत घाम धरतात, घाम गोठतो आणि बोटं काळी पडतात. म्हणून आम्ही. पाड्लोने जाहीर करून टाकलं, "ह्यांचे बूट मीच शिवणार. दुसऱ्या कुणी सुई उचलायची नाही!"

उजवा आधी शिवला. त्या आठवड्यात ऊन लख्ख होतं. माझ्या वेळी आभाळ भरलं. आणि तिच्या डोळ्यांवर तर साय आली होतीच. डोळ्यांचा डॉक्टर वर्षातून एकदा बोटीने येतो, आणि तो आला की ही नेमकी कुणाकडे तरी कॉफीला जाऊन बसते.

आमच्या शिवणीची एक खुबी आहे. सुई कातड्यात अर्धीच शिरली पाहिजे, आरपार जाता कामा नये. पार गेली की भोक पडलं, आणि भोक पडलं की पाणी आलंच. मग तोच टाका आतून पुन्हा, तोही अर्ध्यातच. पाड्लोच्या हाताला हे इतकं सवयीचं होतं की ती गप्पा मारता मारता करायची. पण माझ्या टाचेशी येताना सुई पार गेली. मला टोचलं ना! एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ओरडावं तर तोंड नाही. बुटाला जीभ असते म्हणतात, ती तुमच्याकडच्या बुटांना.

शिवून झाल्यावर बूट फुगवून बघतात. वरचं तोंड आवळून धरायचं, हवा दाबायची, आणि कान लावायचा. पाड्लोने मला दाबलं. माझ्या टाचेतून सूंऽऽ आवाज आला. तिच्या कानावर पूर्वीची भिस्त राहिली नव्हती. शेजारी नाडुक बसली होती, तिला स्वच्छ ऐकू गेला.

"कसा झालाय?" पाड्लोने विचारलं.

नाडुकने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "छान झालाय, आई," ती म्हणाली.

मला इतका राग आला! पण आता वाटतं, तिचं तरी काय चुकलं? वडीलधाऱ्यांच्या तोंडावर त्यांचं चुकलंय म्हणायची आमच्यात रीत नाही. शिवाय महिन्यापूर्वी नाडुक फोनवर कुणाला तरी विचारत होती, की मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात जागा आहे का, हिवाळ्यापुरती. पाड्लोने ते ऐकलं होतं. तेव्हापासून ती झपाटल्यासारखी शिवत होती. शिवणाऱ्या बाईला कोण हलवतंय, असा तिचा हिशेब.

संध्याकाळी गिडियन आला. मला हातात घेतलं, टाचेवर अंगठा फिरवला, आणि थबकला. शिकारी माणूस, त्याला कळलं नाही तरच नवल. "उद्या वारा पडेल असं वाटतंय," एवढं बोलून त्याने मला खाली ठेवलं आणि दोन कप कॉफी पिऊन गेला. सोर्काकने मला पायात घालून पाहिलं तेव्हा तिच्याही हाताच्या बोटांना ती जागा लागली. ती म्हणाली, "आजी, गरम आहेत गं." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

मग तीन दिवस बांधाबांध चालली. पाड्लो मध्ये बसून हुकूम सोडत होती. "जड सामान तळाला! तंबू सगळ्यात वर, पोचल्यावर आधी तो लागतो. काड्यापेट्या दोन ठिकाणी, एक अंगावर, एक पेटीत. अहो, कोरडे मोजे पेटीत नका ठेवू, पोटाशी बांधा. गवत घेतलंत का बुटात घालायला?"

"घेतलं, आजी."

"किती?"

"पोतंभर."

"पोतंभर म्हणजे अर्धं. मला माहितीये तुम्ही कसे आहात ते!"

ह्या सगळ्या गडबडीत एक गंमत मी खुंटीवरून पाहत होतो. नाडुकने कुणाचं लक्ष नाही असं बघून गाडीवरच्या पेटीत बिस्किटांच्या डब्याखाली रबरी बूट सारले. दुपारी गिडियन आला, त्याने चहाच्या पुड्यांमागे डिंकाची नळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या कोंबल्या. आणि संध्याकाळी सोर्काक स्वतः मैत्रिणीकडून मागून आणलेले जुने बूट लपवायला गेली, तर पेटीत जागाच नाही! तिने डबा उचलला, रबरी बूट. पुडे उचलले, डिंक. ती तिथेच उकिडवी बसून राहिली. सगळ्यांना माहीत होतं. न माहीत असलेली एकच, जिने मला शिवलं होतं ती.

सोर्काक हसली असेल असं तुम्हाला वाटेल. हसली नाही. तिने पेटीचं झाकण लावलं आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसली.

निघायचा दिवस. कुत्री जुंपलेली, केकाटत होती. गावातल्या इतर तीन गाड्या निघून गेल्या होत्या. पाड्लो दारात बसून माझ्यात गवत भरत होती, बोटांनी सारखं करत, खडा-काटा काढत. ते काम ती कुणाला देत नसे. भरून झाल्यावर तिने मला पुढे केलं. "घ्या, अहो. पाय द्या."

सोर्काकने पाय दिला नाही. ती आजीसमोर बर्फात गुडघे टेकून बसली.

"पाड्लो," ती म्हणाली.

आजी नाही. नुसतं पाड्लो. नाडुकच्या हातातलं किटलीचं झाकण खाली पडलं. गिडियन न सुटलेला पट्टा पुन्हा बांधायला लागला.

"अगं पाड्लो, डाव्या टाचेला तीन टाके पार गेलेत. ह्यात पाणी येणार. माझी बोटं जातील."

म्हातारीने मला उलटं केलं आणि टाचेवर जीभ फिरवली. डोळे गेले तरी जीभ होती तिची. हळूहळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"तीन नाहीत," ती म्हणाली. "चार आहेत."

मग तिने मान वळवली. "ह्या दोघांना माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"वा! आणि ही माझी पोटची मुलं!" नाडुक रडायला लागली. "रडतेस काय? तेव्हा तोंडात काय मासा होता?" पण आवाजात जोर नव्हता. तिचे हात मांडीवर पडले होते आणि मी त्यांच्यात होतो, म्हणून सांगतो, ते थरथरत होते. "झालं तर मग," ती म्हणाली. "बघा कुठे जागा मिळते ती. शिवता येत नाही तर इथे बसून मी करू काय?"

कुत्री तेवढी ओरडत होती.

सोर्काकने तिच्या मांडीवरून मला उचललं. "मी कुठे म्हटलं तू जा म्हणून? टाके उसव. मी शिवते. माझे डोळे आहेत, पण हात अडाणी आहे. सुई कुठे थांबवायची ते मला कळत नाही. ते तू सांगायचंस."

पाड्लोने तिच्या चेहऱ्याच्या दिशेने बघितलं. दिसत किती होतं देव जाणे. "सव्वीस वर्षं हाका मारतेय मी," ती म्हणाली. "इतका उशीर का केलात, अहो?"

सोर्काकने बाहीला नाक पुसलं आणि ती कुत्र्यांकडे वळली.

कुत्र्यांना सोडलं. तंबू खाली काढला, पेटी आत नेली, चूल पेटवली. सोर्काकने सुई हातात घेतली आणि पाड्लोने माझ्यात कोपरापर्यंत हात घालून टाचेच्या आतून अंगठा लावला. "घाल. हं. थांब! पार आली, टोचली मला. मागे घे. पुन्हा. आता बरोबर, इथेच वळव." नवऱ्याला ती "थांबा" म्हणायला विसरली होती आणि शिकाऊ पोरीला झापावं तशी झापत होती. एका टाक्याला पाव तास लागला. तिच्या अंगठ्यावर रक्ताचे ठिपके आले, सोर्काकने सुई खाली ठेवली, तर म्हातारी तिच्यावरच ओरडली, "कातडं सुकतंय! शिवायचं सोडून बघत काय बसलीस?" फुगवून पाहायची वेळ आली तेव्हा नाडुकने स्वतःहून कान लावला, आणि लावूनच राहिली. "नाही येत आवाज," ती म्हणाली. "खरंच नाही येत, आई. शपथ."

आम्ही एक दिवस उशिरा निघालो. पाचव्या दिवशी एका भेगेपाशी गाडी पाण्यात रुतली. सोर्काक हातावर हात ठेवून बसली नव्हती हे सांगायला नको, ती खाली उतरून जवळजवळ तासभर नडगीइतक्या पाण्यात उभी राहून गाडी ढकलत होती. मी जीव मुठीत धरून होतो. पाणी आलं, टाचेला टेकलं, चाचपायला लागलं. माझ्या शिवणीतला, नार्व्हलच्या पाठीच्या तंतूचा दोरा ओला झाला की फुगतो आणि भोक बुजवतो. तो फुगला. आत गवत कोरडं राहिलं.

परत आलो तेव्हा पाड्लो दारात होती. शिकार काय मिळाली, तिने विचारलंही नाही. आधी माझ्यात हात घातला. मग सोर्काकला बाकावर बसवून तिचे मोजे काढले आणि दोन्ही पायांची बोटं एकेक चिमटीत धरून मोजली. दहा भरली. तरी पुन्हा मोजली.

त्याला आता सहा वर्षं झाली. वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही. पाड्लोला आता उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही, पण तिच्याभोवती चार-पाच पोरी नेहमी बूट घेऊन बसलेल्या असतात आणि ती अंगठा आत घालून सगळ्यांना शिव्या देत असते. गावातल्या बायका म्हणतात, म्हातारी हल्ली फार बोलते. बोलू दे की!

मी मात्र थकलो. पापुद्रा तडकलाय, वरची कड विरलीय. ह्या उन्हाळ्यात मला उसवणार आहेत. चांगलं कातडं दुसऱ्या बुटाला लावतील, उरलेलं कुत्र्यांच्या पट्ट्याला. लावू द्या, माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. ज्याच्या पायात जाईन त्याने, मी गळायला लागलो तर पेटीत दुसरे बूट लपवू नयेत. जिने शिवलं तिच्यासमोर बसावं आणि सांगावं. तिला वाईट वाटेल, हात थरथरतील तिचे. तेवढा वेळ तिथून उठू नये, म्हणजे झालं.