टाकीत उरलेलं पाणी

"समुद्रा रे बाबा, तुझं पाणी तुला ठेव,
माझ्या दोघांची रे, मला माघारी दे नाव."

आई जाळं शिवता शिवता हे म्हणायची. गळा तिला फारसा नव्हता, आणि दातांत दोरा धरलेला, त्यामुळे निम्मे शब्द दोऱ्यातच अडकायचे. पण थोरल्याला तो आवाज अजून ऐकू यायचा. विशेषतः अशा सकाळी, पाणी करडं आणि आभाळ त्याहून करडं असलं की. तेव्हाचे दोघं म्हणजे बाप आणि तो. पुढे बाप अंथरुणाला खिळून गेला, आई त्याच्या मागोमाग गेली, आणि होडीतली बापाची जागा धाकट्यानं भरली. आता ती पुन्हा रिकामी होणार होती.

हे थोरल्याला बायकोकडून कळलं होतं. "भावजींनी लांब शहरात गोदामात नोकरी धरलीय," ती म्हणाली होती. "तुम्हाला सांगायला जीभ रेटत नाही त्यांची. तुम्ही आपणहून काही विचारू नका." म्हणून तो विचारत नव्हता. धाकटा सांगत नव्हता. आणि दोघं मिळून, मिस्त्रीला हाताशी घेऊन, होडीत मासे ठेवायची टाकी बसवत होते.

टाकी ही धाकट्याचीच कल्पना. जिवंत मासा धक्क्यावर उतरला तर गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं, असं त्याचं म्हणणं. पांढरी, गुळगुळीत, फायबरची टाकी. माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी. दोन जाड आडव्या लाकडांवर ती होडीच्या पोटात बसायची होती. तिच्या बुडाला भोक, भोकातून नळी, आणि नळीचं तोंड होडीच्या कुशीतून बाहेर, म्हणजे पाणी आपोआप समुद्रात जावं.

"मधे एक उभी फळी टाक," थोरला मिस्त्रीला म्हणाला. "टाकीचे दोन भाग होऊ देत."

मिस्त्री वाकून नळीला सोल्युशन लावत होता. त्यानं मान वर केली. "का? माशांची वाटणी करायचीय?"

धाकटा खो खो हसला. "दादा, नवरामासा एका खोलीत, बायको दुसरीत. भांडण नको."

"हसण्यावारी नेऊ नकोस. फळी पाहिजे."

"पण कशाला? जाळी फिरवायला अडचण, घासायला अडचण. कारण तर सांग."

थोरल्यानं पक्कड उचलली, ठेवली, आणि खाली लाकडाला पाचर ठोकायला गेला.

कारण होतं. गेल्या साली धाकटा तापानं फणफणला होता, तेव्हा थोरला एकटाच गेला होता. त्या दिवशी मासा उदंड लागला. पिंपात अर्धं पाणी ओतून त्यानं मासे त्यात सोडले आणि परत फिरला. बाजूनं एक लाट आली, साधीच. होडी कलली, तसं पिंपातलं पाणी सगळं त्याच कुशीला धावलं. ती सावरायला लागली, तर पाणी उलट्या अंगाला. जणू होडीत आणखी कुणीतरी होतं आणि त्याला ती उलटवायचीच होती. शेवटी त्यानं पिंपाला मिठी मारली, ते कसंबसं आडवं केलं, आणि मासे, पाणी, सगळं समुद्राला दिलं. घरी येऊन म्हणाला, आज काही लागलं नाही. तेव्हापासून तो एकटा गेला नव्हता. कधी जाळं फाटलं म्हणे, कधी कंबर धरली म्हणे.

हे सांगावं तर धाकटा राहील. धाकटा तसाच होता. वहिनीला खोकला झाला तरी दोन दिवस घुटमळणारा. त्याचं उभं आयुष्य आपल्या भीतीच्या खुंटीला बांधून ठेवायचं? थोरल्याला ते पटत नव्हतं. म्हणून तो धावतं पाणी अडवायला नुसती फळीच मागत राहिला. आणि फळी काही मिळाली नाही.

दुपारी मिस्त्री हात पुसून गेला. टाकीतल्या बुचाला धाकट्यानं दोरी बांधली आणि ती वरच्या कडीतून ओवून थेट सुकाणूपर्यंत आणली.

"बघ. बसल्या जागेवरून ओढायची, की टाकी रिकामी. एका माणसाचं..." तो थांबला. "सोपं काम."

"हो," थोरला म्हणाला. "सोपं केलंस."

होडी धक्क्यापासून जराशी दूर नेऊन दोघांनी बादल्यांनी टाकी भरली. काठोकाठ भरल्यावर होडी जड झाली, शांत झाली. मग धाकट्यानं दोरी ओढली. बूच निघालं, नळी गुरगुरली, पाणी उतरू लागलं.

आणि अर्ध्यावर थांबलं.

धाकट्यानं दोरी पुन्हा ओढली. बूच केव्हाच निघालेलं होतं. थोरला कुशीवरून वाकला, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि नळीचं तोंड चाचपलं. "बुडालंय," तो म्हणाला. "भोकाची खूण कधी केली होतीस?"

"होडी रिकामी होती तेव्हा." धाकट्यानं कपाळावर हात मारून घेतला. "इंजिनाचं तेल नाही, जाळी नाहीत, आपण दोघंही काठावर. रिकाम्या होडीच्या मापानं भोक पाडलं मी! आता बाहेर पाणी जेवढ्या उंचीवर, तेवढं आतही राहणार."

तेवढ्यात एक मोठी बोट शेजारून गेली. तिच्या लाटेनं होडी कलली, आणि टाकीतलं उरलेलं पाणी त्या अंगाला धावलं, आदळलं, परत आलं. थोरल्यानं दोन्ही हातांनी काठ धरला. लाट गेली, होडी निवळली, तरी हात सुटेनात.

"दादा? अरे, धक्का हाकेवर आहे. पोहत जाशील." धाकटा हसायला गेला. तोच त्याला भावाचे हात दिसले. मग बादली घेऊन टाकीत उतरला आणि पाणी उपसायला लागला. आतून त्याचा आवाज घुमून आला. "उद्या मिस्त्रीला सांगून भोक वर घेऊ. बुडात जे उरेल त्याला बॅटरीवरचा पंप लावू. बटण दाबलं की झालं. तुला कुणाची गरजच..."

बादली थांबली.

"वहिनी बोलली ना तुला?" आतूनच त्यानं विचारलं.

"बोलली."

"मग तू का नाही बोललास?"

होडीखाली पाणी चुळबुळत होतं.

"तू जा," थोरला म्हणाला. "तुला अडवायला सांगत नाहीये. तू तापात होतास ना गेल्या साली, तेव्हा मासा खूप लागला होता. मी खोटं बोललो. पिंपातलं पाणी हेलकावलं, होडी उलटतच होती, सगळं ओतून आलो मी. तेव्हापासून मला समुद्राची भीती वाटते रे. एकट्याला फार भीती वाटते."