मधमाशीच्या डोक्याएवढा तुकडा

"काकू, हाताने की मशीनने?"

वाढणाऱ्या मुलीने विचारले तेव्हा यान सूछिन गळ्यातला मफलर सोडत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"मशीनने? मी काय सकाळच्या विमानाने उतरले वाटतं तुला? हाताने!"

"रागावू नका हो. बाहेरगावचे लोक मशीनचंच मागतात, म्हणून विचारलं."

मुलीने रिकाम्या वाडग्यात दोन कडक रोट्या आणि नंबराचा बिल्ला ठेवला आणि ती पुढच्या टेबलाकडे पळाली. सूछिन रोट्यांकडे बघत राहिली. तोरा मिरवून झाला होता, आता पंचाईत होती. वय सहासष्ट, जन्म शीआनचा, लग्न शीआनमधले, आणि मटणाच्या रश्श्यासाठी रोटी कुस्करतात कशी हे बाईला ठाऊक नव्हते!

कारण साधे होते. हिवाळ्यातल्या दर रविवारी ती आणि तिचा नवरा च्याओ याच दुकानात येत, आणि दोघांच्या रोट्या च्याओच कुस्करत असे. "आठवडाभर गिरणीत राबतात तुझी बोटं, रविवारी तरी बसू दे त्यांना," असे तो लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात म्हणाला होता. पुढे ती सूतगिरणीतून निवृत्त झाली, तरी त्याने बोटांची ती सुट्टी रद्द केली नाही. तो तासभर कुस्करत बसे आणि ती तासभर बोलत बसे. गिरणीतल्या बायका, शेजारीण, त्याची स्वतःची आई, कुणाला म्हणून तिने सोडले नाही. तो काहीही न बोलता ऐकायचा, आणि तिला वाटायचे, याला फार रस आहे.

च्याओ एप्रिलमध्ये गेला. शांघायहून मुलगा रोज फोन करू लागला, "आई, एकटी काय करणारेस तिथे? इकडे ये." सूछिनने स्वतःशी ठरवले होते, पहिला बर्फ पडेल त्या रविवारी एकटीने जाऊन रस्सा खाऊन यायचा. ते जमले तर इथे राहणेही जमेल. नाही जमले तर गुपचूप बॅग भरायची.

"मावशी, इथे कुणी बसलंय?"

समोरच्या खुर्चीपाशी एक गुबगुबीत कोट उभा होता. त्याच्या आत कुठेतरी विशी-पंचविशीची एक मुलगी होती.

"नाही," सूछिन म्हणाली. एवढा एक शब्द बोलणे तिला जड गेले.

मुलगी धपकन बसली. नाव पेईशान, दक्षिणेतल्या क्वांगचौची, हे न विचारता कळले. "मावशी, शहराच्या जुन्या तटावर सायकल चालवली मी! पाऊण फेरी झाली आणि बर्फ पडायला लागला. त्यांनी सायकली काढून घेतल्या. मी तिथंच नाचले! जन्मात पहिल्यांदा बघितला. माझे कान आहेत का बघा हो जागेवर."

"आहेत. दोन्ही आहेत."

"तुम्ही तर कितीदा गेला असाल वर!"

"शाळेत असताना एकदा. वर जाऊन करायचंय काय? तट खालूनही दिसतो."

"आणि घंटेचा मनोरा?"

"त्याला बसमधून रोज वळसा घालत होते की. तेवढं पुरे."

पेईशान खळखळून हसली. मग तिने आपल्या वाडग्यातली रोटी उचलली आणि फार आदराने विचारले, "मावशी, तुम्ही इथल्याच. तुकडा केवढा करायचा?"

"मधमाशीच्या डोक्याएवढा," सूछिनने ठोकून दिले. हे तिने च्याओच्या तोंडून ऐकले होते. "मोठा झाला तर रस्सा आत शिरत नाही. वस्ताद वाडगा परत पाठवतो."

"बाई गं! परत?"

"खिडकीआड आहे तो शा वस्ताद, आपला चुरा रश्श्यात शिजवून देतो. फार तिखट माणूस."

मुलगी मान खाली घालून रोटी फाडायला लागली. सूछिननेही सुरुवात केली. च्याओ आधी काय करायचा? रोटी उभी चिरायचा की आडवी? तिला आठवेना. इतकी वर्षे समोर बसून तिने त्याच्या हातांकडे एकदाही नीट पाहिले नव्हते. बोलायचे इतके असे! याची तिला त्या क्षणी मनापासून लाज वाटली.

पण बोटे तिची जुनीच होती. गिरणीत तुटलेला धागा डोळ्याचे पाते लवायच्या आत पीळ देऊन जोडणारी बाई अशी तिची ख्याती होती. बोटांनी आपले काम सुरू केले. तासाभराने वाडगा भरला. पेईशानच्या वाडग्यात ओबडधोबड चुरा होता. सूछिनच्या वाडग्यात कशा एकसारख्या, गोल, गुळगुळीत कण्या होत्या. मुलगी बघतच राहिली.

"मावशी, काय हात आहे तुमचा!"

"सवय," सूछिन म्हणाली.

दोन्ही वाडगे खिडकीत गेले. थोड्या वेळात आतून गर्जना झाली, "हे काय आहे? रोटी कुस्करायला सांगितली, गोळ्या कुणी वळल्या? रस्सा आत शिरणार कुठून? आधी शिकवा त्या पाहुण्यांना!"

वाढणारी मुलगी एक वाडगा परत घेऊन आली, आणि बिल्ला न बघताच तिने तो पेईशानपुढे ठेवला. "ताई, तुमच्यासाठी दुसऱ्या रोट्या आणते हं. पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं."

पेईशानने वाडग्यात पाहिले. मग सूछिनकडे पाहिले. गोरीमोरी झाली. पण वाडगा हळूच आपल्याकडे ओढून म्हणाली, "हो, माझंच चुकलं."

सूछिनला गप्प बसता आले असते. ती गप्प बसली नाही.

"तो माझा वाडगा आहे," ती वाढणारीला म्हणाली, "आणि पाहुणी मीच. हिला काय ओरडता? आमचा म्हातारा कुस्करायचा, मी नुसती खायचे. आता तो नाही. आण दुसऱ्या रोट्या."

आसपासची चार डोकी वळली. वळू देत. पेईशान मात्र खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, तुम्ही पीळ देताय. द्यायचा नाही. नुसतं फाडायचं आणि सोडून द्यायचं, काठ खरबरीत राहू दे. असं."

"तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मला दुसरं येतच नाही ना काही!"

बोटे ऐकेनात. चार तुकडे सोडले की पाचव्याला आपोआप पीळ बसे, आणि पेईशान तिच्या हातावर चापटी मारी. "परत! मावशी, परत वळलात!" दोघींना इतके हसू येऊ लागले की शेजारचा गृहस्थ आपला वाडगा उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

या वेळी वाडगा घेऊन सूछिन स्वतः खिडकीशी गेली. शा वस्तादाने चुऱ्यातून बोटे फिरवली. मान वर करून ओळखीचा चेहरा असल्यासारखे तिच्याकडे पाहिले.

"रविवारी दोन वाडगे यायचे. दोन्ही एकाच हाताचे. ते तुमचे?"

"माझ्या नवऱ्याचा हात. एप्रिलमध्ये गेला."

"फार चांगला हात होता तो," वस्ताद म्हणाला. मग तिचा वाडगा कढईत रिकामा केला. "हा हात कच्चा आहे अजून. पण चालेल."

पेईशानचा वाडगा तोवर खिडकीतच थांबला होता, दोन्ही बरोबरच आले. रस्सा फर्मास होता. दर घासाला वेगळा लागत होता, एक तुकडा मऊ, एक चिवट. पेईशान वाडगा ढवळायला लागली तेव्हा सूछिनने तिच्या हातातल्या जेवणाच्या काड्यांवर टिचकी मारली. "ढवळायचं नाही. काठाकडून खात आत यायचं. हे मला नक्की माहितीये." जेवून मुलगी मनोरा बघायला पळाली. जाताना तिने मावशीला दारातून दोनदा हात केला.

सूछिनचे पोट अर्ध्या वाडग्यातच भरले होते. सवयीने तिने वाडगा टेबलाच्या पलीकडे सरकवला. कितीतरी वर्षे उरलेला अर्धा वाडगा तिकडेच जात होता. पलीकडे कुणी नव्हते. ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत बसली. मग वाडगा परत ओढून घेतला, साखरेत मुरवलेल्या लसणाची आणखी एक पाकळी मागितली, आणि निवायच्या आत उरलेले संपवायला घेतले.