प्रसादाच्या पुडीतली झेरॉक्स

या मायबापहो, सरकून जवळ बसा. उदगीरच्या गौरव्वाची गोष्ट ऐका. देवीच्या नावानं निघाली अन् पोलीस ठाण्यात पोचली!

अमृतराव किराणा दुकानदार, भजनी मंडळाचे म्होरके. शेजारच्या म्हाताऱ्या गौरव्वासह अठ्ठावीस जणांना त्यांनी माहूरला देवीच्या दर्शनाला नेलं. भक्तनिवासाला लागतील म्हणून प्रत्येकाच्या आधारच्या दोन-दोन झेरॉक्स घेतल्या, लागली एकेकच. उरलेला कागद वाया कशाला घालवायचा? परतल्यावर त्यातच कुंकू-फुटाण्याच्या पुड्या बांधून त्यांनी पेठभर प्रसाद वाटला.

महिन्याभरानं गौरव्वाकडं पोलीस आले. तिच्या नावावर सिमकार्ड घेऊन कुणीतरी लोकांना धमकावलं होतं. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबाब द्यायचा होता.

"अव्वा, आधार बंदच करून टाकू," अमृतराव म्हणाले. "साऱ्या देशाचे अंगठे एकाच कोठारात भरले, उंदीर लागणारच की."

"बंद कसं करू रे अमृत? माझा मुका सोमेश चार वर्सं हरवला होता. त्याला ना नाव सांगता येई, ना गाव. आश्रमात अंगठा टेकवला, तवा घर सापडलं. त्याच आकड्यानं लेक दिला, त्याच आकड्यानं पोलीस आणला. हात जोडू का शिव्या देऊ?"

"उद्या ठाण्यात मीबी येतो," अमृतराव म्हणाले.

सकाळी ते मायलेकांसोबत ठाण्यात गेले. रूपाली नावाच्या फौजदार बाईंनी पेठेतल्याच सिम विकणाऱ्याकडं सापडलेला कागद पुढं ठेवला. गौरव्वाच्या आधारची झेरॉक्स. चार घड्या, मधोमध कुंकू.

अमृतरावांनी आपली पुडी ओळखली. कोठाराला उंदीर लागो न लागो, पोतं त्यांनीच फोडलं होतं! गप्प बसले असते तर संशय अव्वावरच राहिला असता.

"बाईसाहेब, ही पुडी माझ्या हातची," ते कसेबसे म्हणाले. "अव्वाचा दोष न्हाई. माझा जबाब लिहा."

"काका," रूपालीबाई म्हणाल्या, "कोठार पक्कं हाय का, हे सरकारला जरूर विचारा. तो तुमचा हक्कच हाय. पण दुसऱ्याचा कागद हातात आला, की त्याची राखण आपल्यावर येते."

गौरव्वानं अमृतरावांकडं पाहिलं. "फुटाणे मात्र खमंग होते रे," ती म्हणाली, अन् अमृतरावांचे डोळे भरून आले.

ते मोठं कोठार कितपत भरवशाचं, हे अमृतरावांना आजही सांगता येत नाही. पण आता झेरॉक्स घेतली की कशासाठी ते तिच्यावर लिहितात, अन् उरली तर बारीक फाडतात. बंधुभगिनींनो, सोय घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. कुणी झेरॉक्स मागितली तर "कशाला?" एवढं विचाराच. अन् विचारताना, ठाण्याच्या बाकावर सोमेशचा हात घट्ट धरून बसलेल्या त्या माउलीची आठवण ठेवा.