तीनशे वर्षांचे पत्ते

सदर भागातल्या एका मंगल कार्यालयात दर रविवारी रांग लागायची. आत आचार्य गौरांगनाथ टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायचे चित्रांचे, पत्ते लावत. पत्ते तीनशे वर्षांपूर्वीचे, एका राजज्योतिष्याच्या पेटीत सापडलेले. ते माणसाचं दुखणं हुंगतात, असं आचार्य सांगत. एकेकाला पडद्याआड बोलावून एक पत्ता काढायला लावत आणि जो तो पांढराफटक होऊन, दंडावर ताईत बांधून बाहेर येई. काय निघालं ते कुणाला सांगायचं नाही, नाहीतर ताईत निष्फळ. त्यामुळे कुणी कुणाला विचारत नव्हतं आणि रांग वाढत होती.

रंभाबाई ताईत बांधून आल्या आणि त्यांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. आयुष्यभर मागावर साड्या विणलेली ही बाई. आठ दिवसांत पाय सुजले, उठताना भिंत धरावी लागायची. शेजारची नूपुर एकदा भाजी द्यायला गेली, तर गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली. तिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा रंभाबाईंनी सांगितलं. घोड्यावर बसलेला सांगाडा निघाला होता. मृत्यू दारात आला होता, ताईत पाहून परत गेला. आता गोळ्या कशाला?

नूपुरनं तो सांगाडा लगेच ओळखला. इतवारीतल्या एका छापखान्यात ती चित्रं काढायची. दोन महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाला जुन्या धाटणीचे टॅरोचे पत्ते हवे होते. तिनं जीव ओतून काढले. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले, कोपरे विटेवर घासले. एक संच झाला, शिवाय मृत्यूचा पत्ता, घोड्यावरचा सांगाडा, वेगळा चाळीस वेळा. तो लवकर झिजतो, असं गिऱ्हाईक म्हणालं होतं आणि नूपुरला ते पटलंही होतं.

"मावशी, तो सांगाडा मी काढला," ती म्हणाली.

"काहून खोटं बोलून राहिली वं? तीनशे वर्षांचा हाय तो."

मग रविवारी दोघी मिळून गेल्या आणि मावशींना आधार लागतो म्हणून नूपुरही पडद्याआड शिरली. रंभाबाईंनी पत्ता काढला. सांगाडाच. नूपुरनं बाकीचे पत्ते उलटायला सांगितले. आचार्यांनी डोळे मिटले आणि बजावलं की न काढलेला पत्ता जो पाहील, त्याची दृष्टी जाईल.

"माह्या एका डोळ्यात तसंही मोतीबिंदू हाय," रंभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी अख्खी गड्डी उलटली.

आणखी एकोणचाळीस सांगाडे, एकोणचाळीस घोड्यांवर. रंभाबाईंनी पत्त्याच्या कडेच्या नक्षीवरून बोट फिरवलं. ती करवतीच्या दात्यांसारखी किनार होती, नूपुरच्या विणकर बापाच्या साड्यांवरची, रंभाबाईंनी स्वतः शेकडो वेळा विणलेली. चित्र नूपुरचंच, हे पटताच त्यांनी पडदा बाजूला ओढला आणि पत्ते रांगेसमोरच्या सतरंजीवर पसरले. लोक एकमेकांना विचारू लागले, तुम्हालाही हाच? तुम्हालाही? तेवढ्यात त्रिकालज्ञानी आचार्य भटारखान्याच्या दारानं निघून गेले. एका गृहस्थानं तरीही विचारलं की ताईत ठेवावा की काढावा.

नूपुरनं मावशींना तिथून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोनदा प्रेशर मोजलं. आणखी आठ दिवस गेले असते तर अर्धांगवायूच होता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रंभाबाईंनी खाली मान घालून गोळी घेतली. आपल्या हातचं चित्र माणसाच्या जिवावर उठलं होतं, हे नूपुरला फार लागलं.

जुनं दिसतं ते जुनं असतंच असं नाही, आणि जुनं असलं तरी खरं असतंच असं नाही. तेव्हा कुणी पत्ता काढायला सांगितला, तर आधी सगळी गड्डी उलटायला सांगा. ज्याला ते चालत नाही, त्याच्यासमोरून उठा. आणि गोळी बंद करायची की नाही, ते डॉक्टरला विचारा.