मंडळ बुडवल्याची गोष्ट

"व्याह्यांना सांग, पूल आधी झाला, शाळा मग," असं म्हणत म्हाताऱ्या ड्रायव्हरने रिकामी बशी पुढे सरकवली.

व्याही हाताच्या अंतरावर बसले होते आणि त्यांचे कान शाबूत होते. तरी ड्रायव्हरच्या बायकोने मान वळवून ते वाक्य जसंच्या तसं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. व्याह्यांनीही तिच्याकडेच बघून सांगितलं की विहीणबाई, शाळाच आधी. लेकीच्या लग्नापासून ती ही हमाली करत होती. लग्न मुलांनीच जमवलं म्हणून बरं. बापांच्या भरवशावर राहिली असती तर दोघं अजून बिनलग्नाची असती.

समोर इतिहासवाली बाई लिहून घेत होती. आसपासच्या गावांचा कारभार बघणारं जुनं ग्रामीण मंडळ कधीच शहरात विलीन झालं होतं, आता त्याचं पुस्तक निघणार होतं. व्याही त्या मंडळाचे शेवटचे अध्यक्ष, आणि ड्रायव्हर त्याच मंडळाचं रस्ते सपाट करणारं ग्रेडर चालवणारा. एके काळी दोघं जिवाचे मित्र. दर सभेनंतर अध्यक्ष कोट सावरत ग्रेडरवर चढायचे, अवजारांच्या पेटीवर बसायचे आणि दोघं खड्डे बघत हिंडायचे. सभेत नुसती भाषणं व्हायची; कुठला रस्ता आधी, ते पेटीवर ठरायचं.

विलीनीकरणाच्या दिवशी मतं समसमान पडली आणि अध्यक्षांनी शहरात जाण्याच्या बाजूने आपला निर्णायक हात वर केला. सभा सुटल्यावर ते सवयीने चढायला आले, तर ड्रायव्हरने ग्रेडर पुढे काढलं. अध्यक्ष धूळ खात चालत घरी गेले. तेव्हापासून अबोला.

हल्ली ड्रायव्हरच्या बायकोला एकच घोर होता. दोघांतला एक असाच, न बोलता गेला, तर मागे राहिलेल्याला अन्न गोड लागणार नाही. म्हणून तर पुस्तकाचं निमित्त करून तिने दोघांना एका खोलीत आणून बसवलं होतं.

इतिहासवाल्या बाईने शेवटचं पान वाचून दाखवलं. "अध्यक्षांनी स्वतःच्या फायद्यासाठी मंडळ शहराच्या घशात घातलं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. हेच वाक्य तो इतकी वर्षं जेवताना तोंडी लावत आला होता. व्याही पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसू लागले.

"हे खोडा," ड्रायव्हर म्हणाला.

बाई म्हणाली, सगळे असंच सांगतात.

"सांगू देत. डिझेलच्या टाकीत काठी घातली तर कोरडी यायची. खडीला पैसा नव्हता. दुसरा कुणी असता तर त्या दिवशी आजारी पडला असता. ह्याने येऊन हात वर केला."

'ह्याने' ऐकून बायको सावध झाली. नेहमीसारखी मान वळवायला गेली आणि तशीच थांबली.

व्याह्यांचा रुमाल काचेवर थबकला. "मग मला चालत का धाडलंस?"

ड्रायव्हरने खिडकीबाहेर पाहिलं. "शेजारी बसला असतास तर मला पुढचा रस्ता दिसला नसता."

बाईने घाईने पेन उचललं. बायकोने तिचं कोपर धरलं आणि तिला उठवलंच.

"हे मंडळाचं नाही, आमच्या घरचं आहे. चला आत, भाजी निवडू लागा."

स्वयंपाकघरात दोघींना नुसते आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. बाई कान देऊ लागली, तसा हिने नळ मोठा सोडला.