धुतलेली अंडी

सकाळपासून आमच्या दारात एवढी गर्दी, की दूधवाल्याला आत यायला वाट मिळेना. मधोमध मंतरलेलं पाणी देणारे पाणीबाबा दोन बरण्या उंचावून उभे. एकीत ढेकणांची पिल्लं टुणटुणीत, दुसरीतली सगळी मेलेली. झाडांचा रस पिणारे हे परदेशी ढेकूण फळांच्या पेट्यांतून आले आणि दोन हंगामांत त्यांनी आमच्या बागा शोषून काढल्या.

"माझ्या पाण्याने मेले," बाबा म्हणाले. "पण जिच्या पावलाने आले ती बाहेर फिरली, की पुन्हा येतील."

ती म्हणजे माझी धाकटी जाऊ. ढेकूण आले त्याच महिन्यात लग्न होऊन आली, एवढाच तिचा गुन्हा. सासूबाईंनी तिला मागच्या खोलीत घातलं आणि कडी लावली. तिथल्या खिडकीच्या फटी ढेकूण शिरू नयेत म्हणून आधीच चिकटपट्टीने बंद केलेल्या. दीर नुसता नंदीबैलासारखा मान डोलवत होता. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, पण घरात माझं ऐकतो कोण?

बाबांनी सगळ्यांसमोर मंत्र म्हणत ढेकणांच्या अंड्यांचं आणखी एक पान आपल्या पाण्याने धुतलं, तेव्हा मला वास आला. शाळेची टाकी धुतल्यावर येतो तोच. मग मी अंडी असलेली दोन पानं शाळेत नेली. एक ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतलं, दुसरं साध्या. मंत्र एकही म्हटला नाही.

एकोणीस दिवस लागले. रोज ताट द्यायला गेले की जाऊ विचारायची, अजून किती. मी म्हणायचे, पुरावा होऊ दे.

विसाव्या दिवशी माझ्या बरण्या अंगणात मांडल्या: ब्लीचिंगने धुतलेल्या पानावरची पिल्लं मेलेली, साध्या पाण्याची जिवंत. सांगितलं, की मादी अंड्यांवर आपल्या पोटातले जंतू माखून ठेवते. पिल्लं जन्मल्यावर आधी ते चाटतात, कारण त्यांच्याशिवाय नुसता रस अंगी लागत नाही. बाबांनी ब्लीचिंगच्या पाण्याने ते जंतू धुऊन टाकले. शास्त्रज्ञ याच खुबीवरून कीड आवरायचे उपाय शोधतात, तेही उघडपणे.

"ती कोंडलेली होती म्हणून मेले असतील," सासूबाई म्हणाल्या.

"मग साध्या पाण्यातले कसे जगले, आई? तेव्हाही ती आतच होती."

बाबांनी काढता पाय घेतला. सासूबाईंनी कडी काढली.

जाऊ डोळे किलकिले करत बाहेर आली. "ताई, तुम्हाला वास कधी आला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग कडी त्याच दिवशी का नाही काढली?"

मला फार लाज वाटली. किडा कशाने मरतो हे कळायला प्रयोग लागतो, तो जरूर करा. पण माणसाला कोंडू नये, हे कळायला कुठलाही प्रयोग लागत नाही. आधी कडी काढा.