ढोलकीचा तिसरा चॅनल

हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या अब्बांच्या बेंजो पार्टीच्या बॅनरवर सगळ्यांची नावं आहेत, टेम्पो चालवणाऱ्या केरबाचंसुद्धा. माझं नाही. आणि वाजतं ते सगळं मी बसवलेलं.

ढोलकी, ताशा, बेस, क्लॅरिनेट, सगळी वाद्यं आता टॅबमध्येच असतात. पूर्वी ती एकाच चॅनलमधून एकदम बाहेर पडायची. बेस वाढवला की ढोलकी गुदमरायची आणि लोक म्हणायचे, कुतुबुद्दीनचा बेंजो म्हणजे नुसता गोंगाट. मग मी टॅबला चिकटून बसले आणि एकेका वाद्याचा आउटपुट सुटा करून त्याला मिक्सरमध्ये स्वतःचा चॅनल दिला. ढोलकी तिसऱ्यावर. आता तिला हवं तेवढं वर घ्या, बेसच्या बापाचं काही जात नाही.

सुपाऱ्या वाढल्या. अब्बा मात्र गावभर सांगत सुटले, "आमच्या मोहसीननं केलंय." मोहसीन माझा चुलतभाऊ. टॅबला जोडलेलं पॅड झकास बडवतो, पण आउटपुट म्हणजे काय ते त्याला अजून ठाऊक नाही. मी भांडले की अब्बांचं उत्तर ठरलेलं.

"पोरगी टेम्पोवर चढती म्हणून कळलं तर सोयरीक जमंल व्हय?"

त्या दिवशी गडमुडशिंगीत हळद होती. नेहमीप्रमाणे मांडव भरायच्या आधी मी टेम्पोत सगळं जोडून दिलं आणि खाली बायकांत जाऊन बसले. गाणं सुरू झालं आणि ढोलकीच नाही! मोहसीनचे हात पॅडवर नाचतायत, आवाजाचा पत्ता नाही.

नवऱ्या मुलाचे मामा हंबीरराव ओरडले, "ओ पावणं, ढोलकी घरात इसरून आलाय काय?"

पोरं शिट्ट्या मारायला लागली. मोहसीन टॅबवर दिसेल तिथं बोट आपटत होता. मला बसल्या जागी कळलं, ह्या शहाण्यानं ढोलकीचा आउटपुट भलतीकडंच वळवलाय.

अब्बा घामाघूम होऊन माझ्यापाशी आले. "ऊठ. मागनं चढ, गुपचूप. कुणाला दिसू नगंस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुढनं चढीन. आधी माईकवर माझं नाव घ्या."

"हात जोडू काय तुला? अब्रू जाईल की गं!"

"माझी कशानं जाईल? माझं नावच न्हाय कुठं."

दात-ओठ खात अब्बा माईककडं गेले. "मंडळी, जरा थांबा. मोहसीनची बहीण मदतीला येतीया."

मदतीला! मी जागची हलले नाही. कुणीतरी दिलेला चहा फुंकून फुंकून प्यायला लागले.

"माझी पोरगी येतीया," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. खोटं कशाला बोलू, उठावंसं वाटलं. पण आज उठले असते तर जन्मभर मागूनच चढले असते.

शिट्ट्या वाढल्या. अब्बांनी डोळे मिटले आणि माईक तोंडाला लावला.

"मेहक! मेहक कुतुबुद्दीन नदाफ. समदं तिनंच बसवलंय, मोहसीननं न्हाय. ये बाई आता!"

सगळा मांडव वळून बघायला लागला. बघू दे. मी ओढणी कमरेला गच्च बांधली आणि सगळ्यांच्या देखत पुढून चढले. ढोलकीचा आउटपुट परत तिसऱ्या चॅनलवर आणला, चॅनल वर घेतला आणि पॅडवर एक थाप टाकली. मांडव दणाणला. हंबीररावांनी टोपी उडवली.

गर्दी नाचायला लागल्यावर अब्बांनी डोळ्यांनीच खुणावलं, झालं काम, आता उतर.

मी मोहसीनकडं वळले.

"तू उतर," म्हणाले, आणि पॅड माझ्यापुढं ओढलं.